खाऱ्या पाण्यातल्या अळ्या

पेणच्या डायलिसिस सेंटरमध्ये वडिलांचे सुजलेले पाय चेपता चेपता सुरभी त्यांना आपलं कॉलेजमधलं संशोधन समजावत होती. धरमतरच्या खाऱ्या डबक्यांतल्या डासांच्या अळ्या खारंच पाणी पितात आणि सगळं जास्तीचं मीठ अंगाबाहेर टाकतात. "माझ्यापेक्षा त्याच बऱ्या," आबा हसले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या तपासणीचं काय झालं गो? किडनी जुळली का?" जुळली होती. डॉक्टरांनी तिला तसं सांगून आठवडा झाला होता. नवऱ्याने नको म्हटलं होतं, पण खरं तर तीच घाबरली होती. "नाय जुळली, आबा," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. आबांनी मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "रडू नको. तुझा काय दोष त्यात?" शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ते अभिमानाने म्हणाले, "पोरगी किडनी द्यायला तयार व्हती." म्हाताऱ्याने सुरभीला हात जोडले.