बलंजरचा वेढा, मुक्काम जामसंडे

बलंजरच्या वेढ्याने जगाच्या इतिहासाला वळण दिलं. १९५८ साली जामसंड्यात मात्र त्यावर पुस्तक लिहायचं काम नुसतं माझ्या गळ्यात पडलं, कारण निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असा प्रकाशकांचा समज आहे.

आठव्या शतकात अरब चालून आले, तेव्हा तिथल्या खजर लोकांनी बलंजरच्या किल्ल्याभोवती गाड्या दोरांनी बांधून कोट केला. अरबांनी दोर कापले आणि किल्ला पडला.

सोमवारी मी ‘दोर कापले’ असं लिहिलं आणि विहिरीचा दोर कापलेला सापडला. मंगळवारी तेच वाक्य सुधारून लिहिलं, तर गायीचं दावं कापलेलं.

बुधवारी दुपारी पेन उचललं, तोच बायको, काशीबाई, दारात आली.

“आयकलात? आज तो किल्लो पाडू नकात. आपलो बाबली गलबतार आसा. शीड दोरारच ऱ्हवता.”

“अगो, तो बाराशे वर्सांमागेच पडलो!”

“पडांदे. तुमी पाडू नकात.”

मुलाचं नाव ऐकून मी पेन खाली ठेवलं. तिने देवापुढे नारळ ठेवला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. “बा म्हाराजा, किल्ल्यातली माणसां दमली आसत. त्येंचो दोर तुटाक देव नको, माझ्या झिलाचोय तुटाक देव नको!”

गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्यांनी होकार द्यायचा असतो. घरात ऐकणारा मी एकटा. मी तोंड उघडायच्या आत अंगणातून शेकडो थकलेले आवाज एकदम म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

अंगणात कोणी नव्हतं.

काशीबाईने डोळे उघडले नाहीत.

“इतक्यांक चाय पुराची नाय,” ती म्हणाली. “शेजारसून वाटीभर साखर हाडा.”