स्वयंपाकघरातली खिडकी

आईची बॅग त्यानेच जिन्यावरून खाली आणली. बॅग हलकी होती, तरी त्याला ती जड गेली.

वर खिडकीत बायको उभी होती. तिच्या कडेवर ठमी, पुढच्या पायाला प्लास्टर. तीन दिवस मांजर मुकाट औषध घेत होतं आणि घरातली माणसंही मुकाटच होती.

घरातला नियम साधा. आठ वाजले की ठमी आत आणि सगळ्या खिडक्या बंद, कारण खाली रस्ता आणि रस्त्यावर सुसाट गाड्या. हे काम आईकडे होतं. ती एकेक कडी ओढून बघायची, "लागली गं बाई" म्हणायची, मगच अंथरुणाला पाठ टेकायची. आणि या कामाचा तोरा केवढा! सूनबाई तिला गमतीने 'जेलरबाई' म्हणायची.

तरी परवा सकाळी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी आणि ठमी खाली एका उभ्या गाडीखाली, पाय मोडून.

"कोणी उघडी ठेवली?" बायकोने विचारलं.

त्याने तोंड उघडलं. खरंच उघडलं. आदल्या रात्री सगळे निजल्यावर त्या खिडकीत उभं राहून त्यानेच सिगरेट ओढली होती. छातीच्या दुखण्यानंतर लेकीची शपथ घेऊन सोडलेली सिगरेट. त्या दिवसापासून बायकोने घरात काडीपेटीसुद्धा येऊ दिली नव्हती.

पण त्याच्या आधी आई बोलली. "मीच गं. विसरले बघ. मेलं हे वय!"

आणि हा शहाणा गप्प बसला. लोकांच्या लिफ्टची दारं नीट लागतात का ते तपासून दिवसभर सह्या करणारा माणूस!

बायको काही वाईट नव्हती. घाबरली होती. मागच्या महिन्यात गॅस रात्रभर मंद जळत राहिला होता. तोही मीच विसरले, असं आई म्हणाली होती. तेव्हा तर तोच तिच्यावर खेकसला होता, "एक दिवस सगळ्यांना जाळशील!" आता ही खिडकी. ठरलं, आईने काही दिवस ताईकडे राहायचं. किती दिवस, तो विषय कोणी काढला नाही. आईने निमूट कपड्यांच्या घड्या घातल्या.

तिला गाडीत बसवताना लाजेने त्याची मान वर होईना. बिचारीला वाटत असेल, आपलं डोकंच चालेनासं झालं. आता तरी सांगून टाकावं.

"आई, त्या रात्री खिडकी..."

"हळू बोल. ती वर उभी आहे." आईने पर्समधून कागदाची पुडी काढून त्याच्या मुठीत दाबली. आत सिगरेटचं थोटूक होतं. "खिडकीच्या खाचेत होतं. तिच्या आधी मी उठले म्हणून बरं."

त्याने मूठ पटकन मिटली. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुझा संसार आहे रे. म्हातारं माणूस विसरलं तर कोणाला नवल वाटत नाही."

तिने दार ओढून घेतलं आणि काच अर्धी खाली केली.

"आणि हे बघ, सिगरेट पेटवून झाली की गॅस बंद करत जा. आता अंगावर घ्यायला मी नाही इथे."