पिठातलं पाऊल

आमचे हे गेले त्या जागी, पुढचा जन्म कुठला ते कळावं म्हणून, मी दिव्यापाशी पीठ पसरलं. सकाळी त्यात तीन बोटांचं, परातीएवढं पाऊल होतं.

"कावळा असेल," नणंद म्हणाली.

"तुमच्या सासरी असतील, वन्सं, एवढाले कावळे!"

तेवढ्यात लेकीचा फोन आला. दक्षिण ध्रुवाकडं दगड शोधणारी पोर, बापाचं शेवटचं तोंड पाहता आलं नाही म्हणून रडत होती. तिनं तंबूबाहेरचा खडक दाखवला. त्यावर तसलीच पावलं.

"कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जनावराची आहेत, आई. पण काल खडक कोरा होता. आज ती दाराशी आलीत."

मला न सांगता गेलेला माणूस लेकीकडं बरोबर पोचला होता.

"घाबरतेस काय? बाहेर जा, पाया पड."