शेंड्यावरची फळं

ओला तंबू. चिकाने काळी पडलेली नखं. दोघांत एक उशी. नकाशावर समुद्राभोवती पेनाने काढलेला गोल.

हंगामभर बागांतून फळं तोडायची आणि पैसे संपेपर्यंत भटकायचं, असा त्या नवराबायकोचा संसार. पुढे कुठे जायचं ते पैजेवर ठरायचं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ज्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त क्रेटवर, त्याचा शब्द अखेरचा. दर वेळी तोच जिंकायचा आणि तिला डोंगरात न्यायचा.

"यंदा समुद्र," शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती शिडीवरून म्हणाली. "डोंगर चढून चढून गुडघ्यांची वाट लागली माझ्या."

"आधी तोंड धुऊन ये," तो खालून हसला. "मागेच आहेस अजून."

"किती?"

"एक क्रेट."

"एवढंच ना? मग हा शेंडा उतरवते. बघच तू."

शेंड्याकडची फांदी कुजलीय, तिथली फळं राहू द्या, असं मुकादमाने सकाळीच बजावलं होतं. त्याला ते आठवलं आणि त्याने मान वर केली, तोवर फांदी मोडली होती.

तिची राख मांडीवर घेऊन तो गाडीत बसला, तेव्हा मुकादम खिडकीशी आला.

"आता कुठे जाणार?"

"समुद्रावर. ती जिंकली."



ती पडली त्या दिवशी दुपारीच, ती जेवायला बसली असताना, त्याने आपल्या तीन क्रेटवरच्या चिठ्ठ्या काढून तिच्या नावाच्या लावल्या होत्या. ती तेव्हाच पुढे गेली होती.