धुरातली घंटा

जंगल पेटलं त्याला सात दिवस झाले होते. धुराने शहराचं नाक-तोंड दाबलं होतं. बाग बंद, मैदानाला कुलूप, कचऱ्याच्या गाड्या डेपोत उभ्या. त्यातली एक चालवणारा, गल्लीतल्या एका म्हातारीचा लेक घरी आतल्या खोलीत खोकून खोकून अर्धा झाला होता. "धूर निवळला तर बघू," एवढंच सांगून डॉक्टर निघून गेले होते.

तरी रोज सकाळी आठला खाली कचऱ्याच्या गाडीची घंटा वाजायची. दोन ठोके गल्लीला आणि तिसरा आईला, ही लेकाचीच पद्धत.

"आई, माझीच गाडी आहे गं."

"तुझी गाडी कुलपात आणि किल्ली माझ्या कनवटीला. पड गुमान!"

आज मात्र तिसरा ठोका पडला तशी म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाकाला ओलं फडकं बांधून ती जिना उतरली.

"कोण रे तो मेला? इथे माझ्या पोराची छाती भाजून निघतेय आणि तुला घंटा बडवायला सुचतंय?"

फाटकापाशी गाडी धडधडत उभी होती. काचेवर राखेचा थर होता. आतून खोकल्याची उबळ आली. तीच ढास, शेवटी तीच बारीक शीळ. सात दिवस उशाशी बसून तिने ती ऐकली होती.

तिने वर पाहिलं. खिडकी उघडी होती, पण घरातून खोकल्याचा आवाज येत नव्हता.

"आई," गाडीतून लेक हळूच म्हणाला, "आता वर जाऊ नकोस."