विमानाचे तास

दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणारा दातांचा डॉक्टर सासूबाईंपुढे मात्र स्वतःचं तोंड उघडत नसे. पण त्या पहिल्यांदाच लेकीकडे राहायला येणार म्हणाल्या, आणि त्यांचा फोन नेमका बायको आंघोळीला गेलेली असताना आला. एवढी संधी पुन्हा मिळायची नाही, हे ओळखून गडी कंबर कसून खोटं बोलायला बसला.

"अंतर किती हो पडतं, जावईबापू?"

"अकरा हजार किलोमीटर, आई. वर अख्ख्या समुद्राला वळसा!"

"अगंबाई! लेक तर म्हणाली, चौदा तासांत पोचतेस."

"तिला काय कळतंय! चौदा तास नुसते हवेत. मध्ये विमान बदलायचं, तिथे नऊ तास लोखंडी बाकावर. वारा समोरून असला की आणखी चार."

"आणि मागून असला तर?"

"तो कधीच मागून नसतो, आई. शिवाय सामानाची रांग, शिक्क्याची रांग... घरापासून घरापर्यंत एकतीस तास धरा. पायांचे नुसते भोपळे होतात!"

डॉक्टरांनी विजयी मुद्रेने सोफ्यावर पाय पसरले.

 

"बरं झालं हो, वेळेवर सांगितलंत. आमच्या घरात पहिल्यापासून नेमच आहे, जायला जितके तास, राहायचं तितके दिवस. मी वेडी चौदाच दिवसांचे कपडे भरून बसले होते!"