नोकरीवाल्या बाई

“बाई, माझ्या पोराचंही नाव लिहून घ्या की! कॉम्प्युटर शिकलाय, घरी माश्या मारत बसलाय.”

तहानीने कपाळाला हात लावला. इर्बिद शहरातल्या मॉलमध्ये माहितीचं टेबल मांडल्यापासून येणारा प्रत्येक बाप हेच म्हणत होता. त्यांची तरी काय चूक? पाटीवर ठळक अक्षरांत ‘इलाज वझीफी’, आणि वझीफा म्हणजे नोकरी. दुखण्याने हातपाय अडलेल्या माणसाला आपलं जेवण, आपले कपडे, आपला स्वयंपाक पुन्हा आपल्या हाताने करता यावा, म्हणून झटायची ही विद्या. तिचं हे नाव ज्याने ठेवलं, त्याला देवच बघून घेवो!

“काका, इथे नोकऱ्या मिळत नाहीत,” शेजारी बसलेली सवसन म्हणाली. दोघी एकाच दवाखान्यात हेच काम करत. “आमचीच कशीबशी टिकून आहे.”

पण आज लोकांना समजावून सांगायचंच, असं तहानीने ठरवलं होतं. म्हणून तर तिने आपल्या जुन्या पेशंट फिद्दा आजींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. “आजी, तुम्ही नुसत्या या,” ती फोनवर म्हणाली होती, “माझ्या भाषणांपेक्षा तुमचा हात जास्त बोलेल.”

आजींच्या आधी उम्म कुतैबा, म्हणजे कुतैबाची आई, आल्या. होणाऱ्या सासूबाई. हातात खरेदीच्या पिशव्या, मनगटभर सोनं. मागणी घालायला आल्या तेव्हा आईने ‘पोरगी फिजिओथेरपीची मोठी डॉक्टर आहे’ असं ठोकून दिलं होतं, आणि तहानीने मुकाट्याने कॉफीचा ट्रे पुढे केला होता. डॉक्टर म्हटल्यावर बाईंचा चेहरा असा काही खुलला होता, की खरं सांगायचं राहूनच गेलं.

तिने गळ्यातला बिल्ला काढून खिशात कोंबला आणि टेबलामागून बाहेर आली.

“अगं डॉक्टरीणबाई! तू इथे कशी?”

“मैत्रिणीला सोबत म्हणून आले, मावशी.”

“आणि हे काय? नोकऱ्यांचं दुकान?”

“हो... तसंच काहीतरी.”

सवसनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तहानीचे कान तापले.

तेवढ्यात रमथाहून बसने आलेल्या फिद्दा आजी गर्दीतून वाट काढत पोचल्या. काखेत डबा, अंगावर ठेवणीतला काळा झगा. त्यांनी डबा टेबलावर आदळला आणि तहानीचे दोन्ही गाल धरून मुके घेतले.

“हीच ती! हीच माझी पोर!” अख्ख्या मॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. “अर्धांगाने हा उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. सुना म्हणायच्या, तुम्ही आता बसून राहा. हिने माझ्यापुढे द्राक्षाची पानं ठेवली न् म्हणाली, आजी, मला यात भात भरून दवाली करून घाला. आज पहाटे उठून भात भरलाय, एकेक पान याच हाताने वळलंय!”

“कोण गं या?” उम्म कुतैबांनी विचारलं.

खरं सांगायला एक शब्द पुरे होता. तो तिच्या ओठांपर्यंत आलाही.

“कुणास ठाऊक, मावशी. मी नाही ओळखत.”

आजींचे हात तिच्या गालांवरून खाली आले. त्यांनी एकदा सोन्याच्या बांगड्यांकडे पाहिलं, एकदा तहानीच्या बोटातल्या नव्या अंगठीकडे. सासू ओळखायला त्यांना चष्मा लागत नव्हता.

“माफ कर हो, बाये,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हातारीचे डोळे. ती पोरगी उंच होती, तुझ्याहून बरीच उंच.” मग सवसनकडे वळून म्हणाल्या, “आल्यागेल्याला वाट गं हे. गरम आहे तोवर वाट.”

आणि त्या निघाल्या. तहानीला धावत जाऊन त्यांचा हात धरावासा वाटला. पण ती मावशींच्या शेजारीच उभी राहिली.

उम्म कुतैबांनी डब्यातली एक सुरळी उचलून तोंडात टाकली.

“अगंबाई! करंगळीएवढी बारीक, न् एक शीत बाहेर नाही. गेलेल्या हाताने केलंय हे? जिने हे शिकवलं, तिचे हात सलामत राहोत!”

अशा दुव्याला ‘तुमचेही राहोत’ म्हणायची रीत असते. ज्याला दुवा मिळाला, त्याने म्हणायची. तहानी गप्प राहिली.

सवसनने डबा उचलून तिच्यापुढे धरला.

“घ्या ना, डॉक्टर,” ती म्हणाली.